अ‍ॅड्रिनलची गाठ, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि त्याआधीचे तीन आठवडे

आपल्या आईंच्या उजव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या छोट्या ग्रंथीत) 3.5 सेंटिमीटरची गाठ आहे, मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) तपासणी बरीच वाढलेली आली आहे, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरलेली असूनही डॉक्टरांनी तीन आठवडे केवळ गोळ्या दिल्या आहेत. तेव्हा दुसरे रुग्णालय गाठावे का, असे आपण विचारता. अनेक वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर माझे मत असे, की या तीन आठवड्यांत काटछाट करू नये.

आपण दिलेल्या माहितीवरून ही गाठ फिओक्रोमोसायटोमा असावी. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये ती रक्तात सोडत राहते, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात आणि त्यांतून फिरणाऱ्या रक्ताचे प्रमाणही घटलेले असते. अशा रुग्णाला तयारीविना टेबलावर घेतले, तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरताना किंवा गाठीला नुसता धक्का लागतानाही वरचा रक्तदाब 200च्या पुढे जाऊ शकतो, आणि गाठीची शीर बंद होताच तोच धाडकन कोसळतो. प्राझोसिनसारखी अल्फा ब्लॉकर गोळी हळूहळू वाढवत नेली, की वाहिन्या सैल होतात आणि ती वाढलेली जागा भरून निघावी म्हणून पाणी व मीठ वाढवायला सांगतात. रक्तदाबामुळे वर्षानुवर्षे अळणी जेवण झालेल्या घरात हा सल्ला कोणाला पटकन पटत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. नाक चोंदणे ही बहुधा औषध लागू पडत असल्याची खूण असते. उभे राहताना भोवळ येत असेल, तर मात्र डॉक्टरांना कळवावे. धडधडीवरची बीटा ब्लॉकर गोळी अल्फा ब्लॉकरचा परिणाम झाल्यानंतरच देतात, म्हणून घरात पडलेली जुनी गोळी आपल्या मनाने सुरू करू नये.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो. सर्जन मिशेल गान्ये यांनी 1992 मध्ये दुर्बिणीची ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि आता अशा आकाराच्या गाठीसाठी तीच रूढ आहे. मोठ्या छेदाऐवजी तीन-चार छिद्रे पडतात आणि रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो. उजव्या बाजूला यकृत उचलून धरावे लागते, शिवाय तिथली शीर अगदी आखूड असून थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे हातात सफाई हवी. सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. गाठ फार मोठी किंवा कर्करोगाची वाटत असती, तर मीही पोट उघडूनच काढा म्हटले असते. आणि रक्तस्रावामुळे मध्येच पोट उघडावे लागले, तर त्याला सर्जनचे अपयश समजू नये.

पहिली रात्र अतिदक्षता विभागात काढावी लागेल, कारण गाठ निघाल्यावर रक्तदाबाबरोबर साखरही उतरू शकते. काहींची रक्तदाबाची गोळी पूर्णपणे सुटत नाही. हा आजार काही घराण्यांत आनुवंशिक असतो, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल अवश्य विचारावे, आणि दरवर्षी मेटानेफ्रिनची तपासणी करत राहावी.

सध्या रोज सकाळ-संध्याकाळ बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजावा, वहीत लिहावा, आणि भूलपूर्व तपासणीला ती वही बरोबर न्यावी. रुग्णाची तयारी झाली की नाही, हे आम्ही बव्हंशी त्या आकड्यांवरूनच ठरवतो.