छापून आलेल्या पेपरमध्ये चूक सापडली, आता माझी पीएचडी जाईल का?

पीएचडी करणारी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा प्रश्न पहिल्या भेटीत बाहेर येतच नाही. झोप लागत नाही म्हणतात, गाइड फोन उचलत नाहीत म्हणतात, घरचे लग्नाचं विचारतात म्हणतात, आणि मग निघताना दारात चपला घालता घालता हळूच विचारतात, मॅडम समजा एखाद्या पेपरमध्ये चूक राहिली असेल आणि तो छापूनही आला असेल तर डिग्री जाते का हो? हे "समजा" मला आता ओळखता येतं. मी म्हणते चपला काढ, बस परत.

वैदेहीचंही असंच झालं. (नाव बदललंय, विषयाचे आणि गावाचे काही तपशीलही बदललेत, आणि हे सगळं तिने वाचून हो म्हटल्यावरच टाकतेय.) एकोणीस दिवस ती धड झोपली नव्हती. विषय विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट. एका तालुक्यातल्या ६४ विहिरी आणि बोअर, प्रत्येकीची खोली, गोठा किंवा उकिरडा किती लांब, आणि पाण्यात नायट्रेट किती. पेपर छापून आठ महिने झालेले, घरी पेढे वाटून झालेले. थीसिससाठी नकाशा करायला बसली तेव्हा सतरा नंबरच्या विहिरीवर तिची नजर अडकली. ती विहीर तिला नीट आठवत होती कारण अंगणवाडीला लागून आहे आणि नमुना घेताना पोरं बाटलीला हात लावत होती. पेपरात तिचं नायट्रेट लिटरला ३१ मिलिग्रॅम. लॅबचं हाताने लिहिलेलं रजिस्टर काढलं तर तिथे ७८.

मग रात्रभर बसून शोधलं. दीड वर्षापूर्वी एक्सेलमध्ये विहिरींचे कोड क्रमाने लावताना तिने फक्त तो एक कॉलम निवडून सॉर्ट दाबलं होतं. एक्सेल अशा वेळी विचारतं की बाजूचे कॉलमही सोबत घ्यायचे का, तिने घाईत नको दाबलं असणार. कोड क्रमाने लागले आणि नायट्रेटचे आकडे लॅबच्या क्रमातच राहिले. म्हणजे सरासरी तीच, पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेलेल्या विहिरी किती तर तेही तेवढ्याच, २३. म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही, छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरच्याही नाही. पण कुठल्या विहिरी ते सगळं उलटंपालटं, आणि खोलीचा नायट्रेटशी संबंध नाही हा पेपरचा मुख्य निष्कर्षच खोटा. बरोबर शीटमध्ये उथळ विहिरी सरळ सरळ जास्त खराब दिसत होत्या.

गाइडना सांगितलं तर ते म्हणाले, कोण वाचतं गं तो पेपर, आधी सबमिशन कर मग बघू. एक मैत्रीण म्हणाली बोललीस तर चोर ठरशील. त्यात तिचं रजिस्ट्रेशन २०२० चं, म्हणजे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१६ चे नियम लागू, आणि त्यात थीसिस द्यायच्या आधी रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये किमान एक पेपर हवाच. (नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ही सक्ती यूजीसीने काढली, पण आधीच्यांना जुनेच नियम.) तिच्याकडे पेपर हा एकच. त्यामुळे तिची भीती मनाचे खेळ नव्हती, तिचं खरंच नुकसान होणार होतं आणि ते मी तिला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. काही होत नाही गं असं म्हणून धीर देणं मला जमत नाही, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

पण एक गोष्ट मी आधी विचारली. पेपरचं राहू दे क्षणभर, त्या सतरा नंबरचं पाणी आत्ता कोण पितंय? ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, पेपर छापल्यावर मीच ग्रामपंचायतीला यादी दिली होती, कुठल्या विहिरी चांगल्या कुठल्या वाईट. आणि रडली. एकोणीस दिवसांच्या भीतीत हे तिच्या मनात कुठेतरी होतंच, फक्त वर यायला जागा मिळत नव्हती. नायट्रेट जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळांना सगळ्यात वाईट, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. तिने माझ्या समोरच सरपंचांना फोन लावला, मग अंगणवाडीच्या ताईंना. ताई म्हणाल्या, बाई आम्ही तर उकळूनच देतो. वैदेहीने त्यांना न घाबरवता समजावलं की उकळून उपयोग नाही, टाकीचं घ्या, आणि लिहून पाठवते म्हणाली. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा तिने पाणी मागितलं.

पुढच्या भेटीत आम्ही एका कागदावर दोन शब्द लिहिले, चूक आणि चोरी. मुलांच्या डोक्यात हे दोन्ही एक झालेले असतात आणि त्याला कारण आहे, कॉलेजात सगळा धाक प्लेजरिझमच्या टक्क्यांचा. २०१८ च्या यूजीसी नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते नियम उचलेगिरीचे. आकडे बनवणं, हवे तसे वाकवणं, दुसऱ्याचं आपलं म्हणून छापणं ही फसवणूक. सॉर्ट चुकीचं दाबलं गेलं ही चूक. पण ती कळल्यावर गप्प बसलो तर पुढच्या प्रत्येक दिवसाला आपण निवड करत असतो, आणि हे तिला मी सांगायची गरज पडली नाही, तिनेच कागदावर दोन शब्दांच्या मध्ये बाण काढला.

मी तिला जेफ्री चँग यांचं सांगितलं. तेव्हा अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत असलेले मोठे शास्त्रज्ञ, प्रथिनांच्या रचनेवर काम. त्यांच्या लॅबमधल्या घरगुती प्रोग्रॅमने डेटाचे दोन कॉलम उलटे केले होते आणि २००६ मध्ये ते कळल्यावर पाच पेपर मागे घ्यावे लागले, त्यातले तीन 'सायन्स'मधले. दोन कॉलम, अगदी हिच्यासारखंच. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पुढे २०१९ च्या त्यांच्या एका पेपरमधलं काम पुन्हा करून बघितलं तर जमेना, तर २ जानेवारी २०२० ला त्यांनी तो मागे घेतला आणि आपण कामात होतो, नीट लक्ष दिलं नाही असं स्वतःच जाहीर सांगितलं. खरं सांगते, याने वैदेहीला काडीचाही दिलासा मिळाला नाही. ती म्हणाली, मॅडम त्यांच्याकडे नोबेल आहे, माझ्याकडे एक पेपर आहे. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून मी मोठ्यांची उदाहरणं जपून देते.

तिला आधार मिळाला तो पुढे नक्की काय काय होणार याच्या यादीने. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक बरीच वर्षं एका जर्नलचे संपादक होते, त्यांना मी कुणाचंही नाव न घेता विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की लेखकाची पहिली जबाबदारी सगळ्या को-ऑथर्सना, म्हणजे सहलेखकांना कळवणं, मग करस्पाँडिंग ऑथरने, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने संपादकाला लिहिणं, चूक काय, कशी झाली, निष्कर्षावर परिणाम काय, आणि सोबत मूळ रजिस्टर व दोन्ही शीट. पुढची जबाबदारी संपादकाची. त्याने उत्तर द्यायलाच हवं, गरज पडली तर रिव्ह्यूअरला पुन्हा दाखवायला हवं, आणि ठरवायला हवं. किरकोळ असेल तर दुरुस्ती छापायची, निष्कर्षच ढासळत असेल तर पेपर मागे घ्यायचा, काही जर्नल्स मागे घेऊन सुधारलेला पेपर पुन्हा तपासून छापतात. मागे घेतल्याच्या सूचनेत कोण मागे घेतंय आणि का ते लिहिलेलं हवं, ती मूळ पेपरला जोडलेली हवी, आणि पैसे न भरता वाचता यायला हवी. हे सर आपल्या मनाचं सांगत नव्हते, कोप म्हणून जी १९९७ पासूनची प्रकाशन नीतीची समिती आहे तिच्या मार्गदर्शनात हे आहे, आणि त्यातच असंही म्हटलंय की पेपर मागे घेण्याचा मुख्य हेतू शास्त्रातली नोंद दुरुस्त करणं हा, लेखकाला शिक्षा करणं हा नव्हे. हे वाक्य वैदेहीने वहीत उतरवून घेतलं.

आता गाइडशी बोलायचं होतं आणि करस्पाँडिंग ऑथर तेच. दोन भेटी आम्ही त्याचीच तालीम केली, मी सर झाले. पहिल्यांदा ती माफी मागत मागत सुरुवात करायची आणि मुद्दा येईपर्यंत मी, म्हणजे सर, उठून जायचे. शेवटी तीन वाक्यं ठरली. सर, सतरा नंबरच्या विहिरीचा आकडा चुकलाय, ती अंगणवाडीची आहे. सगळी यादीच चुकलीय, हे रजिस्टर, ही शीट. पत्र मी लिहून आणलंय, तुम्ही बघून द्या. एका पानावर दोन्ही टेबलं शेजारी शेजारी. सरांनी दोन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचाच फोन आला की मीही ती शीट तेव्हा उघडून बघितली नव्हती, पत्रात तसं घाल. मला त्या माणसाबद्दल तोपर्यंत जरा राग होता, तो तिथे गेला.

सगळ्यात जास्त घाबरले ते विभागप्रमुख. त्यांचं नाव विभागाची पद्धत म्हणून तिसरं टाकलेलं, काम काहीच नाही, बहुधा पेपरही वाचलेला नाही. माझं नाव काढून टाका म्हणाले. पण छापून आल्यावर नाव असं गुपचूप निघत नाही, सगळ्यांच्या लेखी संमतीने, कारण देऊनच निघतं. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांच्या समितीने लेखक कोणाला म्हणायचं याच्या चार अटी दिल्यात आणि चौथी अट हीच की कामाच्या प्रत्येक भागाबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी, इतर विषयांतही बरेच जण हेच धरून चालतात. नुसती लॅब वापरू दिली किंवा वरून देखरेख केली तर आभारात नाव जातं, लेखकांत नाही. सुधारलेल्या पेपरमध्ये अखेर तसंच झालं. मानाने दिलेलं नाव घेताना कुणी हे सांगत नाही, मला वाटतं सांगायला हवं, पहिल्या वर्षाच्या मुलांनाही आणि प्रमुखांनाही.

पत्र गेलं आणि तीन आठवडे काही नाही. हा काळ सगळ्यात वाईट होता, ती दिवसात तीसदा मेल बघायची. मग आम्ही ठरवलं की सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच, आणि तीन आठवड्यांनी एक आठवण. त्यानेही नाही झालं तर जर्नलच्या तक्रारीच्या मार्गाने जायचं आणि जर्नल कोपचं सदस्य असेल तर शेवटी तिकडेही दाद मागता येते. ती वेळ आली नाही, आठवणीनंतर चार दिवसांत संपादकांनी रजिस्टरचं स्कॅन मागितलं. जर्नल खरं होतं म्हणून हे झालं. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका मुलाचं दुरुस्तीचं पत्र परत आलं कारण पैसे घेऊन छापणाऱ्या त्या जर्नलचा पत्ताच बंद होता, दुरुस्त करायला पलीकडे माणूसच नाही. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढली होती, पुढे तिच्या जागी केअर नावाची यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर झालं, म्हणजे आता निवड आपली आणि आपल्या संस्थेची. पेपर पाठवण्याआधी एवढं तरी बघा की हे जर्नल चुका दुरुस्त कशा करतं ते कुठे लिहिलंय का, आणि आजवर एक तरी दुरुस्ती त्यांनी छापलीय का.

चार महिन्यांनी सूचनेचा मसुदा आला, त्यात कारण होतं "डेटामधील विसंगती". वैदेही हादरली, हे वाचून कुणालाही वाटेल आकडे बनवले. मी म्हटलं मग तुला काय वाचायला आवडेल ते लिही. तिने लिहिलं की तक्ता क्रमाने लावताना एकाच कॉलमचा क्रम बदलला गेल्याने विहिरींचे कोड आणि नायट्रेटचे आकडे जुळेनासे झाले, लेखकांना हे स्वतः आढळलं आणि त्यांनी कळवलं. संपादकांनी एक शब्द न बदलता ते घेतलं. अडीच महिन्यांनी सुधारलेला पेपर पुन्हा तपासून छापला. सबमिशन सात महिने लांबलं, फेलोशिप मध्येच संपली, चार महिने तिने क्लासमध्ये शिकवून काढले. हे मी लपवत नाही, कारण जे वाचतायत त्यांच्यातल्या कुणाला तरी हाच हिशोब करायचा असेल.

शेवटच्या भेटीला ती दोन्ही प्रिंट घेऊन आली. जुन्या पेपरच्या प्रत्येक पानावर मागे घेतल्याचा तिरका लाल शिक्का. घरी आईने विचारलं हे लाल काय, तर तिने बसवून सगळं सांगितलं, आई म्हणाली आणि त्या पोरांचं काय झालं? अंगणवाडीला टाकीचं पाणी सुरू झालंय, ताईंनी पिंपाचा फोटो पाठवला होता तो तिने आईला दाखवला आणि मलाही. मग म्हणाली, व्हायव्हाला, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेला, हे मी आधीच सांगू की विचारलं तर सांगू? त्या दिवशीचा सगळा तास आमचा त्यातच गेला. आधीच सांगायचं ठरलं, पहिल्या पाच स्लाइडमध्ये, सतरा नंबरच्या विहिरीपासून सुरू करून.