बार्शी लाइट खेळण्यातली गाडी होती का? आणि कुर्डुवाडीच्या शेडबद्दल थोडं

तुमचे प्रश्न तीन आहेत. बार्शी लाइट ही सोलापूर भागातली जुनी छोट्या रुळांची रेल्वे माथेरानसारखी टॉयट्रेन होती का, कुर्डुवाडीला एवढं मोठं लोको शेड (रेल्वे इंजिनांची शेड) कशाला लागायचं, आणि तुमच्या आजोळी सापडलेल्या फोटोतलं इंजिन खरंच १८९७ चं पहिलं इंजिन आहे का. फोटोचं शेवटी सांगतो, कारण ते कळायला आधी बाकीचं माहीत पाहिजे.

टॉयट्रेन तर अजिबात नव्हती. अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) बघितला की लोकांना वाटतं पैसे नव्हते म्हणून लहान केली. पैसे वाचवायचे होतेच, पण त्यामागं एका माणसाचं डोकं होतं, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा १८८२ ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला आला. तेव्हा मुंबई-मद्रास मेन लाइन बार्शीला बाजूला टाकून गेलेली, आणि बार्शी म्हणजे कापसाची मोठी पेठ, सगळा माल बैलगाड्यांनी वीस-एकवीस मैल स्टेशनपर्यंत यायचा. त्या स्टेशनचं नाव गंमत म्हणजे बार्शी रोड, तेच आताचं कुर्डुवाडी. बार्शी रोडला उतरून बार्शी शोधणारे किती फसले असतील देव जाणे. तर कॅलथ्रॉपने पुढं स्वतःच १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू केली. म्हणजे ही सरकारी लाइन नव्हती, प्रायव्हेट होती, सरकारने ती विकत घेतली थेट १ जानेवारी १९५४ ला, मग ती मध्य रेल्वेत आली.

आता त्याचं डोकं कुठं होतं ते बघा. हलके रूळ टाकायचे तर जड इंजिन चालत नाही, आणि हलकं इंजिन माल ओढत नाही, इथंच सगळ्या नॅरोगेजवाल्यांचं घोडं अडायचं. कॅलथ्रॉप म्हणाला की एकूण वजनाची काळजी करू नका, एका आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) किती येतं तेवढं धरा. मग त्याने इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), सगळ्यांना एकच नियम लावला, एका आसावर ५ टनांच्या वर जायचं नाही. लीड्सच्या किटसन कंपनीकडून जी पहिली ए क्लास इंजिनं आली त्यांना सहा आस होते, चार जोडचाकांचे आणि मागे दोन लहान चाकांचे, म्हणजे तीस टनांच्या आसपासचं इंजिन त्याच हलक्या रुळावर आरामात. वाघिणीला चार आस, म्हणजे मालासकट २० टनांपर्यंत. खेळण्यातली गाडी एवढा कापूस ओढते होय? नंतर हाच माणूस इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड लाइनचा इंजिनिअर झाला, १९०४ ला ती सुरू झाली, बार्शीच्याच धाटणीची, आणि १९३४ ला बंद पण पडली. आपली बार्शी त्यानंतर सत्तरहून जास्त वर्षं चालली.

लाइन वाढत गेली ती अशी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर (तेव्हा निजामाचा मुलूख), आणि १९२७ ला मिरज. एकूण दोनशे मैलांच्या वर, आणि या सगळ्याच्या मध्यावर कुर्डुवाडी. एकीकडे लातूर, एकीकडे पंढरपूर-मिरज, म्हणून शेड तिथंच. आषाढीला तर विचारूच नका, डब्यांच्या टपावर पण माणसं.

माझे आजोबा या शेडला खलाशी (म्हणजे मदतनीस कामगार) होते, त्यामुळे हे लहानपणापासून ऐकत आलोय. लोकांना वाटतं शेड म्हणजे इंजिन उभं करायची जागा. तिथं खरी लढाई पाण्याशी असायची. सोलापूर जिल्ह्यातलं पाणी खारवट, ते उकळून उकळून बॉयलरच्या आत खपली धरते, आणि खपली धरली की इंजिन कोळसा जास्त खातं आणि वाफ कमी देतं. म्हणून ठराविक दिवसांनी वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुणं. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग खालचे प्लग काढायचे, लांब सळईने आतली खपली खरवडायची आणि पाइपने जोरात पाणी मारायचं, ते खाली पांढरं राड होऊन येतं. आजोबा म्हणायचे स्वच्छ पाणी येईपर्यंत मुकादम हलू द्यायचा नाही. नंतर परत लाइटअप (विस्तव पेटवणं), तेही सावकाश, घाई केली तर लोखंड सगळीकडे सारखं तापत नाही आणि नळ्या गळायला लागतात. सकाळच्या गाडीसाठी मध्यरात्रीच विस्तव टाकायला लागायचा. त्यांच्या डाव्या हाताला भाजल्याचा डाग होता, पण त्याची गोष्ट दर वेळी वेगळी सांगायचे.

आता कॅलथ्रॉपचं कौतुक खूप झालं, पण माझं मत विचाराल तर ही लाइन गेजनेच जगवली आणि गेजनेच मारली. रूळ स्वस्तात पडले, पण कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं, प्रत्येक गासडी छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवायची. मिरजेला तर तिकडे मीटरगेज, म्हणजे रुळांची रुंदी तिसरीच, परत तोच उद्योग. जोवर समोर बैलगाडी होती तोवर हे परवडलं. ट्रक आला, जो लातूरच्या अडत दुकानासमोरून माल उचलून थेट मुंबईत टाकतो, तिथं काय टिकणार. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आली, तरी ही हमाली काही सुटली नाही. शेवटी २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज (मोठ्या गाडीचे रुंद रूळ) झालं, लातूरची बाजू २००८ पर्यंत, मिरजेची त्यानंतर. नवीन लाइन उस्मानाबादवरून (आताचं धाराशिव) नेली, जुनी ते शहर बाजूला ठेवून येडशीवरूनच जायची, म्हणजे शंभर वर्षांनी बार्शीचीच गोष्ट उस्मानाबादसाठी दुरुस्त केली म्हणा.

आता फोटो. चाकं मोजा. ए क्लास हे टाकीवालं इंजिन, पाणी दोन्ही बाजूंच्या टाक्यांत, आणि पुढे लहान चाक नाहीच. तुमच्या फोटोत पुढे एक लहान चाक आहे, मग चार मोठी, मग परत एक लहान, आणि मागे वेगळा टेंडर (कोळसा-पाण्याची गाडी) जोडलाय. तो एफ क्लास आहे, मिरजेकडे लाइन वाढली त्या काळापासूनचा. त्यामुळे १८९७ चं इंजिन नाही, घरच्यांना सांगा हळूच. फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर तेही टाका, पुढे उभ्या माणसाच्या हातात तेलाची झारी दिसतेय, तो ड्रायव्हर असावा.