‘तुमनदार’ म्हणजे टोळीप्रमुख का?

प्रश्न असा आहे : बलुचिस्तानातील मरी व बुगटी या बलुच जमातींच्या प्रदेशाच्या इतिहासात ‘तुमनदार’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा आपल्या ‘तुमान’शी काही संबंध आहे का, आणि मराठीत त्यासाठी ‘टोळीप्रमुख’ लिहिले तर चालेल का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. पायात घालायची तुमान फारसी ‘तुंबान’वरून आली आहे. तुमनदारातील ‘तुमन’ मात्र तुर्की-मंगोल असून त्याचा मूळ अर्थ दहा हजार. मंगोल सैन्यात दहा हजारांच्या तुकडीला हेच नाव होते आणि इराणचे ‘तोमान’ हे नाणेही मुळात दहा हजार दिनारांचे. बलुच मुलखात पोहोचेपर्यंत या शब्दातील संख्या गळून गेली व जमात एवढाच अर्थ उरला. पुढचा ‘दार’ आपल्याला सुभेदार, किल्लेदार यांतून परिचित आहेच. तुमनदाराच्या हाताखालच्या प्रमुखांपैकी एकाला ‘मुकद्दम’ म्हणत, हे वाचून मला विशेष आनंद झाला, कारण शिवकालीन कागदांत गावच्या पाटलाला ‘मोकदम’ म्हणतात तो हाच शब्द.

‘टोळीप्रमुख’ मला पटत नाही. टोळी म्हटले की आज दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. शिवाय तुमन हा केवळ एका रक्ताचा गोतावळाही नव्हता. बाहेरून आलेली कुटुंबे त्यात सामावली जात, आणि मरींमध्ये तर सामाईक जमिनीची ठरावीक वर्षांनी फेरवाटणी होई.

या शब्दाचा खरा इतिहास मात्र इंग्रजी अमलात घडला. १८४० मध्ये मरींनी आपल्या मुलखातील काहानच्या गढीत मुंबई इलाख्याच्या ५व्या पलटणीची तुकडी अनेक महिने कोंडून ठेवली होती. (हीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत ‘काली पाँचवीं’ म्हणून गाजली.) सप्टेंबरअखेर गढी सोडली गेली ती मरींचा प्रमुख दोदा खान याच्याशी झालेल्या करारावर, आणि त्याने वाट मोकळी ठेवण्याचा शब्द पाळला. प्रमुखाचा शब्द जमातीवर बंधनकारक होता, असा त्याचा अर्थ मी लावतो. पुढे रॉबर्ट सँडेमन हा इंग्रज सरकारचा अधिकारी १८६६ मध्ये पंजाबच्या सरहद्दीवरील डेरा गाझी खान जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर झाला. त्याने तुमनदारांना हाताशी धरून त्यांच्या घोडेस्वारांना सरकारी पगार लावला. १८७६ मध्ये मस्तुंग येथे त्याने बलुचिस्तानातील कलात संस्थानचा खान व त्याच्या मुलखातील जमातींचे सरदार यांच्यात समझोता घडवला, आणि १८७७ मध्ये तो स्वतः बलुचिस्तानात गव्हर्नर जनरलचा एजंट झाला. जिरगा, म्हणजे जमातीच्या प्रमुखांची न्यायसभा, पूर्वीचाच होता, पण त्याच्या निवाड्यामागे आता सरकारी अधिकारी उभा राहिला. म्हणून तुमनदार हे इंग्रजांनी निर्माण केलेले पद, असे म्हणणे चुकीचे आहे, तरी त्या पदाचा आधार जमातीच्या संमतीवरून सरकारी तैनातीकडे सरकला, हे नाकारता येत नाही. हा आधार सर्वस्वी सरकला नव्हता, हेही तितकेच खरे : पहिल्या महायुद्धासाठी सैनिक द्यायला मरींनी नकार दिला आणि १९१८ मध्ये गुम्बझच्या ठाण्यावर हल्ला चढवला.

तेव्हा मराठीत ‘तुमनदार’ हाच शब्द ठेवावा, आणि पहिल्या उल्लेखाजवळ ‘बलुच जमातीचा प्रमुख’ असा खुलासा करावा. ‘सरदार’ वापरल्यास मराठी वाचकाला शिंदे-होळकर आठवतील, आणि ते फौजेचे सेनानी होते, जमातीचे प्रमुख नव्हेत.