वादात उतरण्याआधी

रविवारी पार्क चौपाटीवर आमच्या सिनेमा-कार्टूनच्या वादात बसायचं म्हणतोस, जरूर ये. फक्त शंभर चित्रपटांची यादी संपवायच्या नादी लागू नकोस, नवखे तिथंच दमतात. मोजके बघ, पण नीट बघ.

- 'ब्लेड रनर' या विज्ञानपटावर बोलताना कोणती आवृत्ती पाहिलीस ते आधी सांग. १९८२ साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट आहे. २००७च्या 'फायनल कट'मध्ये दोन्ही नाहीत. अर्धी भांडणं इथूनच पेटतात.
- कार्टूनला पोरखेळ समजू नकोस. १९९२च्या 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'ची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवली होती, म्हणून बॅटमॅनच्या गॉथम शहराची रात्र इतकी गडद दिसते. त्यातला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग आधी बघ. मिस्टर फ्रीझला तिथं आजारी बायको मिळाली आणि त्या खलनायकाचा माणूस झाला. माझ्या मते याला तोड नाही.
- नुसतं 'भारी' किंवा 'बकवास' नको. एक प्रसंग धर, तो का जमला ते सांग.

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये मार्व्हल भारी की डीसी, टाइम ट्रॅव्हलचे नियम, हे सगळं नंतर. आधी तो भाग बघून ये, आणि माझं पटलं नाही तर बिनधास्त सांग.