बातम्यांमध्ये येणारा 'जुंटा' हा शब्द नेमका कुठला? 'जनता'शी त्याचा काही संबंध आहे का?

काही संबंध नाही. पण गोंधळ समजू शकतो. 2021 च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा दादर लोकलमध्ये शेजारचे काका पेपरातला मथळा मोठ्याने वाचत म्हणाले, "म्यानमारमध्ये जनता राजवट!" नेमकं उलटं! मथळ्यातला शब्द होता 'जुंटा', म्हणजे सत्ता बळकावणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ.

शब्द स्पॅनिश आहे. मूळ अर्थ अगदी साधा: एकत्र जमलेली माणसं, म्हणजे समिती किंवा मंडळ. 1808 मध्ये नेपोलियनने स्पेन बळकावला तेव्हा त्याच्याविरुद्ध गावोगावी उभ्या राहिलेल्या समित्यांना जुंटाच म्हणत. विसाव्या शतकात चिली (1973), अर्जेंटिना (1976) अशा देशांत सेनाधिकाऱ्यांच्या मंडळांनी सत्ता बळकावली आणि शब्दाला बंदुकीचा वास चिकटला. स्पॅनिश लोक उच्चार 'हुंता'च्या जवळपास करतात, आपल्याकडे इंग्रजीमार्गे 'जुंटा' रुळला. पोर्तुगीजमध्येही तोच शब्द. पणजीत फिरलेल्यांना 'जुंता हाऊस' आठवेल. तिथे वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्या होत्या, रणगाडे नव्हते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट मात्र मुळाची. लॅटिनमधलं 'जोडणे' या अर्थाचं क्रियापद आणि संस्कृतचा 'युज्' धातू हे सख्खे भाऊ. त्यामुळे योग, संयुक्त आणि बैलांच्या मानेवरचं जू ही सगळी जुंटाची भावकीच.

एक फरक लक्षात ठेवा: जुंटा म्हणजे राज्य करणारं मंडळ. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात लावला तो मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा.