सायकलिंगची टीम काढतोयस, तर आधी हे बघ

प्रायोजक शोधण्याआधी टीमच्या नावाचं बँक खातं हवं. स्वतःच्या खात्यावर पैसे अजिबात घेऊ नकोस, संशयाला तिथूनच सुरुवात होते. संस्था नोंदवायची तर १८६० च्या सोसायटी कायद्याला किमान सात सदस्य लागतात.

जर्सी छापायला टाकण्यापूर्वी डिझाइन शर्यतीच्या आयोजकांना दाखव. तंबाखूवाला कितीही पैसे देवो, २००३ च्या कायद्याने ती जाहिरातच बंद आहे. लोगो कुठे, केवढा, किती महिने, हे लेखी घे. पाठीचा खालचा भाग मोकळा ठेव. तिथे नंबर पिनांनी लावतात, लोगो झाकला की प्रायोजक नाराज.

मला विचारशील तर पहिल्या वर्षी सायकल दुकानदाराकडून रोख रकमेऐवजी ट्यूब, टायर, सर्व्हिसिंग माग. पोरांना खरी गरज त्याचीच असते.