७८ हजारांचा लॅपटॉप दिरांच्या कार्डवर, की २७ हजारांचा रिफर्बिश्ड?

ताई, नमस्कार. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही बार्शीत राहता, नवराबायको दोघांचे मिळून महिन्याला ३८ हजार येतात, भिशीचे दोन हजार धरून खर्च ३२ हजार, आणि शिल्लक म्हणाल तर एक लाख दहा हजारांची एफडी, बस. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप हवाय. तिला पसंत आहे तो ७८ हजारांचा गेमिंग लॅपटॉप, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर, तोही तुमच्या दिरांच्या क्रेडिट कार्डवर. मिस्टरांचं म्हणणं एफडी मोडून ४६ हजारांचा नवा घ्यावा. आणि दुकानदाराने २७ हजारांत एक रिफर्बिश्ड, म्हणजे कंपनीत वापरलेला आणि नीट करून पुन्हा विकायला काढलेला, दाखवलाय, त्याला घरात सगळ्यांनीच नाक मुरडलंय.

माझं मत स्पष्ट आहे, तो २७ हजारांचाच घ्या, आणि एफडीला हात न लावता घ्या.

आधी ईएमआयचं बोलू. नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज घेत नाही असं नसतं, शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. होतं असं की बँक व्याज लावते, साधारण तेवढाच डिस्काउंट कंपनी किंवा दुकानदार सुरुवातीला देतो, म्हणून हप्त्यांची बेरीज ७८ हजारच येते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. १६ टक्के व्याज धरलं तर व्याज होतं ६,३०० च्या वर, त्यावर जीएसटी अकराशे-साडेअकराशे आणि वर दोनेकशे प्रोसेसिंग फी. म्हणजे तेराशे-चौदाशे रुपये जास्तीचे. ही रक्कम काही घर बुडवणारी नाही, शिवाय रोखीने घेतला असता तर दुकानदाराने कदाचित अजून काही कमी केले असते तेही गेले, पण माझी खरी हरकत दुसरीच आहे. हप्ता बसतो ६,५०० चा आणि तुमच्या हातात महिन्याला उरतात सहा हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून पाचशे रुपये कमी, आणि वर्षभरात कुणाचं आजारपण, एखादं लग्नकार्य, गाडीचं काम यातलं काहीच निघणार नाही असं धरून चालायचं?

आणि कार्ड दिरांचं आहे ताई. भावोजींनी मोठ्या मनाने दिलंय, मला त्यात शंका नाही. पण एखाद्या महिन्यात तुमच्याकडून पैसे उशिरा गेले आणि त्यांनीही भरले नाहीत तर लेट फी त्यांना, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं व्याज त्यांना, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होणार तोही त्यांचाच. उद्या ते घरासाठी लोन काढायला गेले आणि तिथे हे निघालं तर जाऊबाई काय म्हणतील याचा विचार करा. शिवाय तेवढं लिमिट वर्षभर अडकून पडतं, त्यांनाच दवाखान्यात गरज लागली तर? असे व्यवहार घराघरांत चालतात आणि त्यातून भावाभावांत अबोला आलेला मी बघितलाय. कृपा करून यात पडू नका.

आता मुलीला नेमकं लागतं काय ते बघू. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सी, जावा, पायथन, डेटाबेस, थोडं वेब डेव्हलपमेंट एवढं धरा. कोड लिहायचा व्हीएस कोड फुकट, पायथन फुकट, विंडोजऐवजी चालणारी उबंटू लिनक्स फुकट. यातल्या कशालाच गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि मशीन लर्निंग शिकायचं म्हटलं तर गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मर्यादित वेळ का होईना जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, फुकट वापरायला मिळतो. लागतं काय तर १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (फाईली साठवायची वेगवान डिस्क), बरा कीबोर्ड आणि तासन्‌तास बघवेल असा फुल एचडी स्क्रीन.

म्हणूनच ४६ हजारांचा तो नवा मला पटला नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू दिसतोय. नाव नवं वाटतं, पण त्या आकड्यातला तिसरा अंक बघा, २ आहे, म्हणजे आतलं डिझाइन झेन २, मूळचं २०१९ चं, आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, फक्त चार. त्याहून वाईट म्हणजे या प्रोसेसरसोबतची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तुम्ही बघितलेल्या लॅपटॉपमध्ये ती ८ जीबी आहे आणि ती कधीच वाढणार नाही. मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि स्क्रीनवरच फोन दाखवणारा एमुलेटर एकत्र चालवले की ८ जीबीवर मशीन गुदमरतं. एफडी मोडून असली वस्तू घेऊ नका.

रिफर्बिश्डमध्ये दहाव्या जनरेशनचा आय ५ आहे, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, सहा महिन्यांची वॉरंटी. हा पण चारच कोअरचा आहे, पण रॅम दुप्पट आणि किंमत १९ हजारांनी कमी. ऑफिससाठी बनलेली ही मशीन्स मजबूत असतात, कीबोर्ड चांगला असतो, विंडोज ११ पण अधिकृतपणे चालतं. कुणी आठव्या जनरेशनच्या आधीचं स्वस्तात देतो म्हणाला तर नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. आणि ‘आत्ता ८ जीबीचं घ्या, रॅम नंतर टाकू’ हे पण ऐकू नका, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत.

दुकानात मुलीला सोबत न्या आणि पैसे देण्याआधी तिलाच हे तपासू द्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे १६ जीबी दिसली पाहिजे आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही कळतं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाईप करायचं, एक फाईल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी बसवून मागा किंवा तेवढे पैसे कमी करायला लावा. सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला सांगून वायफाय जोडून विंडोज रिसेट करून घ्या, सुरुवातीच्या स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा लॉगिन मागितला तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या खात्यात आहे, सरळ परत द्या. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड असेल तरी तेच. आणि जीएसटी बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या, तोंडी वॉरंटीला काही अर्थ नाही.

पैशाचं असं करा. तुमचा भिशीचा नंबर दोन महिन्यांनी आहे, बारा जणींचे २४ हजार येतील. दोन महिन्यांत सहा-सहा हजार बाजूला टाकले की आणखी १२. एकूण ३६ हजार, त्यातून २७ चा लॅपटॉप आणि नऊ हजार बॅटरी-दुरुस्तीसाठी वेगळे ठेवा. एफडी तुमच्या जेमतेम साडेतीन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे, ती तशीच राहू दे. तोपर्यंत मुलीने कॉलेजच्या लॅबमध्ये बसावं, पेन ड्राइव्हवर काम घरी आणण्यापेक्षा गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची साइट) ठेवायची सवय याच काळात लावून घ्यावी, इंटरव्ह्यूला तेच दाखवता येतं.

ती नाराज होईल असं तुम्ही लिहिलंय. होईल थोडी, मैत्रिणींकडे नवे आहेत म्हटल्यावर साहजिक आहे. तिच्यापासून घरचे आकडे लपवू नका, १९-२० वर्षांची मुलगी आहे, ३८ आणि ३२ तिच्यासमोर मांडा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे मशीन खरंच अपुरं पडलं तर मला परत लिहा, तेव्हा हा लॅपटॉप विकून वर किती घालायचे ते बघू.